मेंदूच्या कॅन्सरवरच्या त्या चार स्वस्त गोळ्या

पंधरा दिवसांत चौथा माणूस माझ्या मेडिकलवर तोच मेसेज दाखवून गेला म्हणून लिहायलोय. मेसेज असा: ग्लायोब्लास्टोमा म्हणजे मेंदूचा कॅन्सर असला तर शुगरची मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची अटोरवास्टॅटिन, जंताची मेबेंडाझोल आणि अँटिबायोटिक डॉक्सीसायक्लिन ह्या चार गोळ्या शेक (रेडिएशन) अन् किमोसोबत चालू करा, लंडनमध्ये आयुष्य दुप्पट झालंय, साइड इफेक्ट शून्य, पेटंट संपलं म्हणून कंपन्या दाबून ठेवायल्यात.

आधी एक कबूल करतो, जुनी गोळी नव्या रोगाला वापरायची ही कल्पना येडेपणाची नाही. थॅलिडोमाइडनं एकेकाळी लेकरं हातापायानं अधू जन्मली, अन् तीच गोळी पुढं कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनला आणि मायलोमा नावाच्या रक्ताच्या कॅन्सरला कामाला आली. पण कामाला आली ती तपासून, फॉरवर्ड होऊन नाही.

आता लंडनचं दुप्पट. अभ्यास खरा आहे, 2019 साली छापून आला, एका खासगी क्लिनिकचे 95 पेशंट, निम्मे जण 27.1 महिन्यांच्या पुढं जगले आणि तुलना केली ती जुन्या आकड्याशी, 14.8 महिने. ऐकायला लै भारी. पण त्यात गोळ्या न घेणारा गट सोबत नव्हताच. आता बगा, कोजागिरीला आपल्याकडून लोक चालत तुळजापूरला जातात, कुणी औशातच पाय सुजून एसटी धरतं, कुणी घरी परततं. तुम्ही देवीच्या महाद्वारापाशी उभं राहून तिथं पोचलेल्यांनाच मोजलं आणि म्हणलात की चालणाऱ्याला काहीच होत नाही, तर कसं? त्या क्लिनिकात तोच पेशंट पोचणार जो ऑपरेशन होऊन हिंडण्याफिरण्यासारखा आहे, ज्याच्याकडं फी भरायला पैसा आहे आणि जो तोपर्यंत जिवंत आहे. पहिल्या तीन महिन्यांत गेलेला माणूस त्या दारात येतच नाही, जुन्या आकड्यात मात्र तोही मोजलेला असतो. ह्या फरकातला किती भाग गोळ्यांचा आणि किती निवडीचा, हे त्या अभ्यासावरून कुणालाच सांगता येत नाही. किमोची टेमोझोलोमाइड बघा, 2005 साली 573 पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून तपासली, निम्मे जण जगण्याचा काळ 12.1 वरून 14.6 महिने झाला. फरक छोटा, पण खरा.

कंपन्या दाबतात म्हणे. मग मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं मेबेंडाझोल का तपासली? आजार उलटून आलेले 88 पेशंट, दोन वेगळ्या किमोंसोबत ही गोळी असे दोन गट, 9 महिन्यांला 55 टक्के लोक हयात असावेत असं टार्गेट ठेवलेलं, दोन्ही गटांत ते गाठलं नाही, आणि 2022 ला तसं छापलंसुद्धा. दारू सोडायची डायसल्फिरम ह्याच कॅन्सरवर नॉर्वे-स्वीडनमध्ये तपासली, फायदा नाही, गंभीर त्रास मात्र 34 टक्क्यांना, न घेणाऱ्यांत 11. फिटची व्हॅलप्रोएट ह्या पेशंटांचं आयुष्य वाढवते असंही बोललं जायचं, 2016 ला 1869 जणांचा डेटा एकत्र केला तर काहीच निघालं नाही. दाबलेलं काय ह्यात, सगळं उघड्यावर आहे.

साइड इफेक्ट शून्य, ह्यावर मात्र माझा राग आहे. जंतासाठी मेबेंडाझोल 100 मिलिग्रॅम दोनदा, तीन दिवस, बास. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये रोज हजारो मिलिग्रॅम, महिनोन्‌महिने, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून. (आणि शाळेत 10 फेब्रुवारीला देतात ती अल्बेंडाझोल, वेगळी आहे, एकानं तीच मागितली.) एवढ्या डोसला लिव्हर बिघडू शकतं, पांढऱ्या पेशी उतरू शकतात, टेमोझोलोमाइडनंही पेशी उतरतातच. मग रिपोर्ट खराब आला की डॉक्टर काय करणार, ज्याचा उपयोग सिद्ध आहे ती किमोच थांबवणार, कारण लपून चाललेल्या गोळीचं त्यांना ठाऊकच नाही. वर फिटसाठी फेनिटोइन चालू असली तर ती मेबेंडाझोल अन् अटोरवास्टॅटिन दोन्हींचा रक्तातला डोस पाडते, म्हणजे पैसे देऊन काहीच नाही. मेंदूच्या सुजेसाठी देतात त्या डेक्सा नावाच्या स्टेरॉइडनं शुगर वाढलेली असते, तिथं मेटफॉर्मिन किती आणि इन्सुलिन लागतं का, हे काउंटरवर मी ठरवू शकत नाही. ज्याला आधीपासून शुगर आहे त्यानं माझं हे वाचून आपली मेटफॉर्मिन बंदही करू नये, ते वेगळंच.

परवा एक पोरगं आलं, चुलत्याला बार्शीला शेक चालू आहे. म्हणलं, दादा, चिठ्ठीशिवाय ह्यातली एकही देत नसतो, पण बस इथं, चुलते काय काय घेतात ते कागदावर लिही, डॉक्टरांपुढं ठेव आणि ह्या चार गोळ्यांचंही त्यांनाच विचार, ट्रायल कुठं चालू असली तर तेच सांगतील. सहा औषधं भरभर लिहिली. सातव्याला पेन थांबलं. "ती पुडी आहे, गावातल्या बाबाची, तीबी लिहू का?"