व्हिटॅमिन ड्रिप: ‘थेट रक्तात’ गेलं, पुढे काय?

लग्नसराई जवळ आली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. सोबत फोटो: आरामखुर्चीत रेललेली कुणीतरी व्यक्ती, हाताला नळी, वर पिवळ्याधमक सलाईनची पिशवी. मजकूर थोडक्यात असा: व्हिटॅमिनच्या गोळ्यांतलं जेमतेम 20 टक्के अंगी लागतं; ड्रिपमधून 100 टक्के थेट रक्तात जातं; थकवा तासाभरात पळतो; बी12 तर सुईशिवाय भरूनच येत नाही; व्हिटॅमिन नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य; आणि औषध कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. एकेक घेऊ.

‘गोळ्यांतलं 20 टक्केच अंगी लागतं.’ कुठल्या व्हिटॅमिनचं, किती डोसचं, हे मेसेजमध्ये नाही. व्हिटॅमिन सी रोज 30 ते 180 मिलिग्रॅम पोटात गेलं तर त्यातलं 70 ते 90 टक्के शोषलं जातं. मध्यम आकाराच्या एका पेरूत दिवसाची गरज भागून वर उरतं. डोस एका ग्रॅमच्या पुढे नेला की मात्र शोषण निम्म्याखाली येतं. हा पचनाचा बिघाड नव्हे. गरज भागल्यावर आतडं हात आखडता घेतं, इतकंच.

‘ड्रिपमधून 100 टक्के थेट रक्तात.’ हे खरं आहे, आणि त्याला चांगला पुरावाही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं की सव्वा ग्रॅम व्हिटॅमिन सी तोंडाने दिलं तर रक्तातली पातळी लिटरला सुमारे 135 मायक्रोमोलपर्यंत (मायक्रोमोल हे रक्तातलं प्रमाण मोजायचं एकक) चढते, शिरेतून दिलं तर 885 पर्यंत. साडेसहा पट! पण त्या साडेसहा पटीचं शरीर करतं काय? रोज 100 मिलिग्रॅम मिळालं तरी रक्तातल्या पांढऱ्या पेशींत सी पुरेपूर भरतं. 200 ते 400 मिलिग्रॅमवर रक्तातली पातळी 70-80 च्या आसपास स्थिरावते. वरचं सगळं मूत्रपिंडं काही तासांत बाहेर काढतात. पिशवीचा तो पिवळा रंग बहुतेक वेळा बी2चा, म्हणजे राइबोफ्लेविनचा. ज्या रंगाकडे बघून पैसे मोजले, तो संध्याकाळपर्यंत संडासात वाहून गेलेला असतो.

आणि ‘जास्त म्हणजे अधिक चांगलं’ हे तरी खरं का? 2022 मध्ये सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या, 872 अतिगंभीर रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. शिरेतून सी मिळालेल्यांपैकी 44.5 टक्के जण 28 व्या दिवशी एकतर दगावलेले होते किंवा त्यांचे अवयव यंत्रांच्या नाहीतर औषधांच्या आधारावर होते. ज्यांना सी दिलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण 38.5 टक्के. निरोगी माणसाला हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. तरी ‘जादा गेलं तर बिघडतं कुठे’ असं म्हणण्याआधी ते आठवावेत.

‘थकवा तासाभरात पळतो.’ यावर थोडं थांबायला हवं, कारण अनेकांना खरंच बरं वाटतं आणि ते खोटं बोलत नाहीत. या ड्रिपचा मूळ नमुना अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे डॉक्टर जॉन मायर्स यांचा. ‘मायर्स कॉकटेल’ म्हणतात ते हेच. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये फायब्रोमायाल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा असणाऱ्या दीर्घ आजाराच्या, 34 रुग्णांवर ते तपासलं. अर्ध्यांना कॉकटेल, अर्ध्यांना नुसतं रिंगर लॅक्टेट हे व्हिटॅमिन नसलेलं क्षारांचं पाणी, म्हणजे आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातही असते ती ‘आरएल’ची बाटली. आठ आठवड्यांत दोन्ही गटांना आराम पडला आणि दोहोंत ठोस म्हणावा असा फरक निघाला नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावरून शेवटचा निकाल लावता येत नाही. पण पुरावा आणायची जबाबदारी विकणाऱ्याची.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘डॉक्टर, अंगात ताकद नाही, एक सलाईन लावा’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्या दवाखान्यात ऐकू येत नाही? पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. शंभरेक कॅलरी, एका वडापावात याहून कितीतरी जास्त. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. पण तास-पाऊण तास पंख्याखाली आडवं पडायला मिळतं, कुणीतरी येऊन विचारपूस करतं. कॉकटेलमधल्या मॅग्नेशियमने अंगात ऊब पसरते, ती वेगळीच. शरीरातलं पाणी कमी झालं असलं तरी उलट्या थांबत नसतील किंवा माणूस फारच गळाला असेल तेव्हाच सलाईन लागते. एरवी ओआरएस पुरतं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चारच्या खाली आणलं होतं.

‘बी12 सुईशिवाय भरत नाही.’ बी12ची कमतरता आपल्याकडे खरी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पुण्यातल्या व आसपासच्या गावांतल्या 441 पुरुषांचा अभ्यास छापला. 67 टक्क्यांत बी12 कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांत. पण शाकाहारी माणसाचं आतडं बहुधा ठणठणीत असतं, ताटातच बी12 कमी असतं. अशाला गोळी लागू पडते. शोषणच बिघडलेलं असलं तरी मोठ्या डोसमधलं साधारण एक टक्का आपसूक झिरपतं: 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहा, आणि गरज दिवसाला दोन-अडीचची. हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर इंजेक्शनच घ्यावं. तेही सहसा दंडात किंवा कमरेत, स्नायूत. त्यासाठी असे ड्रिप लावून देणारं लाउंज लागत नाही.

‘अपाय शून्य.’ जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्याला सीचा मोठा डोस शिरेतून दिला तर तांबड्या पेशी फुटू शकतात. ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमजोर, त्यांच्यात सीपासून बनणारं ऑक्झलेट साचून ती निकामी होऊ शकतात. मधुमेही व्यक्तीच्या ग्लुकोमीटरवर साखर खोटीच वाढलेली दिसू शकते, आणि तो आकडा पाहून कुणी इन्सुलिन टोचलं तर प्रसंग बाका. शीर सुजणं, जंतुसंसर्ग यांचा धोका तर प्रत्येक सुईसोबत येतो. गोरेपणासाठी ड्रिपमध्ये ग्लुटाथायोन हे शरीरात मुळातच असणारं रसायन घालतात; त्या इंजेक्शनांविरुद्ध फिलिपाइन्सच्या औषध नियामकाने लोकांना जाहीर इशारा दिला आहे.

सुई लागते ती कुणाला? दारूच्या व्यसनाने थायमिन (बी1) पार खालावलेल्याला, आतड्याचा मोठा भाग काढलेल्याला, गरोदरपणात पाण्याचा घोटही न टिकणारीला. नवजात बाळालाही व्हिटॅमिन ‘के’चं इंजेक्शन देतात, तेही स्नायूतच.

राहिल्या औषध कंपन्या. ड्रिपमध्ये मिसळायची अ‍ॅम्प्युल्स औषध कंपन्याच बनवतात. ती काही लाउंजच्या मागच्या खोलीत पिकत नाहीत. बी-कॉम्प्लेक्सची पट्टी किरकोळ पैशांत मिळते आणि ड्रिपचं बिल हजारांत होतं. गुपित ठेवण्यात कुणाचा फायदा असेल, तो हिशेब मेसेज पाठवणाऱ्यानेच मांडून दाखवावा.