"8 रिश्टर प्रूफ" टॉवर अस्तित्वात नाही, तो मेसेज पुढे पाठवणं बंद करा

भूकंपात हलणाऱ्या बँकॉकच्या टॉवरच्या त्या व्हिडिओंनंतर एक लांबलचक मेसेज फिरतोय आणि आता तो माझ्या मावशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोचलाय. त्यात म्हटलंय की नवे टॉवर 8 रिश्टरपर्यंत भूकंपप्रूफ असतात, बिल्डरकडे तसं सर्टिफिकेट असतं. जी बिल्डिंग हलते ती कच्ची. जितकी उंच तितका धोका जास्त (म्हणजे नवे टॉवर प्रूफ असतात याच्या उलट, पण असो). मुंबई भूकंपाच्या नकाशात मध्यम धोक्याच्या झोन 3 मध्ये आहे म्हणून मोठं काही होणार नाही, आणि तरी हललंच तर टेबलाखाली जाऊ नका, लगेच खाली पळा, नाही जमलं तर कपाटाच्या बाजूला आडवे व्हा.

मावशी रिडेव्हलपमेंटमध्ये मिळालेल्या घरात 19व्या मजल्यावर राहते, गुडघे दुखतात, आणि मला विचारते की जिना उतरायची सवय करू का. त्याच सोसायटीतले एक कमिटी मेंबर हाच मेसेज दाखवून सांगतायत की स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागायची गरज नाही, बिल्डिंग प्रूफ आहे. मी रोज याच डिझाइनचं काम करतो, त्यामुळे हे वाचून डोकंच फिरलं.

आधी "8 रिश्टर" बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. रिश्टरचा आकडा भूकंपाचा असतो, बिल्डिंगचा नाही. बल्ब किती वॉटचा आहे हे एकदाच ठरतं पण उजेड तुम्ही किती लांब बसलाय त्यावर, तसंच हे. 6 चा भूकंप पायाखाली झाला तर गाव आडवं होतं आणि 8 चा हजार किलोमीटरवर झाला तर बैठ्या घरात तुम्हाला कदाचित कळणारही नाही. बिल्डिंगला कळतो तो फक्त तिच्या पायाशी जमिनीचा हादरा, तो किती जोराचा, किती वेळ, आणि किती सावकाश किंवा भराभर. त्यामुळे "8 रिश्टरसाठी डिझाइन" असं लिहिलेला कागद कोणी दाखवला तर त्या माणसाला डिझाइन माहीत नाही एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आता "प्रूफ". आयआयटी कानपूरने प्रा. सी. व्ही. आर. मूर्तींकडून सामान्य लोकांसाठी लिहून घेतलेल्या अर्थक्वेक टिप्स आहेत, नेटवर फुकट मिळतात, मोजून दोन-दोन पानांच्या. त्यातली आठवी टिप प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावली पाहिजे. तिथे सरळ लिहिलंय की क्वचित येणाऱ्या मोठ्या भूकंपातही अजिबात नुकसान होणार नाही अशी बिल्डिंग बांधायचा इंजिनिअर प्रयत्नच करत नाहीत, कारण ती भलतीच महाग आणि अवाढव्य होईल. लहान धक्क्यात काही होऊ नये, मध्यमात दुरुस्त होईल इतकंच व्हावं, आणि मोठ्यात बिल्डिंग पार खराब झाली तरी चालेल पण पडता कामा नये, आतली माणसं जिवंत बाहेर आली पाहिजेत. हे आपल्याकडे पैसे वाचवतात म्हणून नाही, जगभर असंच आहे. अमेरिकेचं एएससीई 7 हे मानक घ्या, त्यात साध्या इमारतींसाठी हिशोबात धरलेल्या सगळ्यात मोठ्या भूकंपात कोसळायची शक्यता 10 टक्क्यांच्या आत ठेवा असं उद्दिष्ट आहे. शून्य कोणीच लिहीत नाही.

आकडे बघा म्हणजे पटेल. आपल्या आयएस 1893 या भूकंप डिझाइनच्या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत झोन 3 चा फॅक्टर, म्हणजे हिशोबात धरायचा जमिनीचा हादरा गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, तो 0.16 आहे. डिझाइनसाठी त्याच्या निम्मा धरतात आणि बिल्डिंग लवचीक बनवणार असाल तर जे बल येतं त्याला पुन्हा 5 पर्यंत भागायची परवानगी आहे. होत होत 100 मीटरच्या टॉवरला आडवं बल वजनाच्या एखाद टक्क्यावर येतं, कोडने 1.1 टक्के ही खालची मर्यादा घालून दिलीय. मुंबईत तर बऱ्याचदा वाऱ्याचंच बल याहून जास्त निघतं. म्हणजे खरा मोठा भूकंप आला तर टॉवरवर डिझाइनपेक्षा कितीतरी जास्त बल येणार हे डिझाइन करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

मग तो उभा कसा राहतो? वाकून, आणि ठरवलेल्या जागीच वाकून. बीमची टोकं आधी मोडकळीला यावीत, त्यात ताकद जिरावी, पण कॉलम आणि लिफ्टभोवतीच्या शिअर वॉल, म्हणजे आडवं बल घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, टिकाव्यात अशी रचना करतात. आणि हे सगळं शेवटी येऊन थांबतं एका 8 मिलिमीटरच्या रिंगवर. कॉलमच्या उभ्या सळयांना ज्या आडव्या रिंगा बांधतात, त्यांची टोकं 135 अंशात वाकवून आतल्या काँक्रीटमध्ये किमान 65 मिलिमीटर घुसवायची, असं आयएस 13920 हे लवचीक काँक्रीट बांधकामाचं मानक सांगतं, आणि जॉइंटजवळ त्या रिंगा एकमेकींपासून 100 मिलिमीटरपेक्षा लांब नकोत. साइटवर फिटरला 90 अंशात वाकवणं सोपं जातं, पटकन होतं, वरून काँक्रीट ओतलं की कोणाला दिसत नाही. पण मोठ्या हादऱ्यात रिंगांवरचा काँक्रीटचा थर उडून गेला की 90 अंशाचा हूक उघडतो, सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. म्हणजे जो कागद 8 रिश्टर म्हणतो तो कामाचा नाही आणि ज्या ड्रॉइंगमध्ये हा हूक दाखवलाय ते मागू नका म्हणतायत! राग येणार नाही तर काय होणार.

हलणारी बिल्डिंग कच्ची हे तर साफ चूक, उंच टॉवर हलायलाच हवा. 2011 च्या जपानच्या भूकंपात केंद्रापासून 770 किलोमीटरवर ओसाकामधली 256 मीटरची सरकारी इमारत साधारण दहा मिनिटं झुलत होती, वरच्या मजल्यावर एका बाजूला जवळपास 1.4 मीटर. सिलिंगचे तुकडे पडले, लिफ्ट अडकल्या, बिल्डिंग उभीच.

उंचीच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. लांबच्या मोठ्या भूकंपाचे सावकाश हेलकावे बैठ्या घराला जाणवत नाहीत, टॉवरला जाणवतात, आणि खाली मऊ गाळ असेल तर जास्तच. पण म्हणून उंच तितकं धोक्याचं असं होत नाही. 1985 मध्ये मेक्सिको सिटीत सगळ्यात जास्त मार 6 ते 15 मजल्यांच्या इमारतींना बसला कारण तिथल्या जुन्या तळ्याच्या गाळाची आणि त्यांची लय जुळली, 44 मजली टोरे लॅटिनोअमेरिकाना तशीच उभी राहिली. बँकॉकमध्ये 28 मार्च 2025 ला बांधकाम चालू असलेली एक सरकारी इमारत कोसळली, बाकी शहरभर टॉवर हलले, भिंतींना भेगा गेल्या, गच्चीवरच्या स्विमिंग पूलचं पाणी खाली आलं, पण ते पडले नाहीत. आणि पडलेल्या इमारतीच्या सरकारी तपासात बोट कशावर ठेवलं? लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या शिअर वॉलच्या डिझाइन आणि बांधकामावर.

झोन 3 म्हणून निवांत असणाऱ्यांनी 2001 चं अहमदाबाद आठवावं, तेही झोन 3 च. भुजच्या भूकंपाचं केंद्र 200 किलोमीटरहून लांब होतं तरी तिथे शंभरावर इमारती कोसळल्या, खाली स्टिल्ट पार्किंग असलेल्या, म्हणजे वर सगळ्या भिंती आणि तळमजल्यावर नुसते कॉलम. 1993 ला किल्लारी तर तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं.

राहता राहिलं पळणं. दगडमातीच्या बैठ्या घरात दाराजवळ असाल तर बाहेर पडा, यात वाद नाही. 19व्या मजल्यावरून हादरे चालू असताना जिन्यात जायचं नाही, लिफ्टमध्ये तर अजिबात नाही. टॉवरमध्ये माणसं जखमी होतात ती पडणाऱ्या कपाटांनी, काचांनी आणि जिन्यातल्या चेंगराचेंगरीने, आणि मेसेज सांगतो कपाटाच्याच बाजूला झोपा! मजबूत टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय धरून ठेवायचा आणि थांबेपर्यंत तिथून हलायचं नाही.

मावशी, गुडघ्यांना त्रास देऊ नकोस. खाली वाकून टेबलाखाली शिरता येत नसेल तर खिडकीपासून लांब, खुर्चीत बस आणि दोन्ही हातांनी डोकं आणि मान झाक. पलंगाच्या डोक्याशी जे लोखंडी कपाट आहे ते आधी तिथून हलव आणि सुताराकडून अँगल लावून भिंतीला पक्कं करून घे. आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये कॉलम डिटेलचं ड्रॉइंग आणि साइटवर रिंगा तपासल्याचे रिपोर्ट मागा, मी येऊन वाचून देतो.