पेपर परवा, मटार दोन किलो

बारावीला केमिस्ट्रीचा पेपर देऊन घरी आलो तेव्हा बायोलॉजीसाठी मधला एकच दिवस हातात होता आणि धडे होते पंधरा. वर्षभर मी फिजिक्स आणि गणिताची सरबराई केली होती. बायो काय, वाचलं की येतं, गोष्टीसारखं असतं, असं आम्हा सगळ्यांचं ठाम मत. असतं खरं गोष्टीसारखं. फक्त त्या गोष्टीतल्या पात्रांची नावं मेगास्पोरँजियम आणि सिनर्जिड अशी असतात.

पहिले दोन तास टाइमटेबल आखण्यात गेले. पाच रंगांची स्केचपेनं, पट्टी, चौकटी. जेवणाला वीस मिनिटं, आंघोळीला सात. ते भिंतीवर चिकटवून मागे सरलो, तेव्हा त्याच टाइमटेबलप्रमाणे माझा पहिला धडा संपून पाऊण तास झाला होता. शेजारचे काका डोकावले आणि "पहाटे चारला ऊठ, मेंदू ताजा असतो," म्हणून गेले. उठलो. मी उठलो होतो, मेंदू नव्हता.

तरी सकाळी नऊपर्यंत चार धडे वाचून काढले. पिवळ्या हायलायटरने इतकं रंगवलं होतं की न रंगवलेली ओळच डोळ्यात भरत होती. मग सहज पुस्तक मिटून पाहिलं. काही नाही. म्हणजे पान आठवत होतं, आकृती कुठल्या कोपऱ्यात आहे तेही आठवत होतं, बाजारात एखादे गृहस्थ समोर येतात, आपण हसून "काय, बरंय ना?" म्हणतो आणि घरी येईपर्यंत हे नक्की कोण ते आठवत नाही, तसं.

तेवढ्यात आईची हाक आली. मटार स्वस्त मिळाले म्हणून तिने दोन किलो आणले होते, करंज्यांसाठी.

"आई, उद्या पेपर आहे गं!"

"हातांना कुठे आहे पेपर? सोलता सोलता सांग मला काय वाचलंस ते."

आई कॉमर्सची. तिला काय सांगायचं? पण समोर मटारच होते, म्हणून मेंडेल काढला, वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा. सांगितलं की या माणसाने वाटाण्याचे सात गुणधर्म तपासले. "कुठले सात?" तिने विचारलं. उंची, फुलाचा रंग... आणि मी अडकलो. तिने एक शेंग माझ्यासमोर धरली. शेंगेचा रंग, शेंगेचा आकार, आतल्या दाण्याचा रंग, दाण्याचा आकार. सातातले चार गुणधर्म तिच्या चिमटीत होते. उरलेलं एक, फूल फांदीवर कुठे येतं ते, आपोआप आठवलं.

मग मी रंगात आलो. शेंगेत हिरवा रंग डॉमिनंट, पण दाण्यात हिरवा रिसेसिव्ह आणि पिवळा डॉमिनंट, हे ऐटीत सांगितलं.

"पिवळा वरचढ ना? मग दोन किलोत एकही पिवळा दाणा कसा नाही?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता, गाइडमध्येही नव्हता. मी मान खाली घालून दहा शेंगा सोलल्या. उत्तर शेवटी फडताळात सापडलं. आईने दोन डबे काढले, उसळीचे हिरवे वाटाणे आणि रगड्याचे पांढरे. एकेक बत्त्याखाली फोडला. हिरवा आतून हिरवा, पांढरा आतून चक्क पिवळा. बाजारातले मटार कोवळे, म्हणून सगळेच हिरवे; मेंडेल मोजत होता ते वाळलेले दाणे. मोजले तरी किती! एका प्रयोगात गुळगुळीत 5474 आणि सुरकुतलेले 1850. हाच मेंडेल 1850 साली शिक्षकाची परीक्षा नापास झाला होता. त्यामुळे तो आकडा मी मेलो तरी विसरणार नाही. पुढे 1856 साली तो पुन्हा त्याच परीक्षेला बसला आणि तेव्हाही जमलं नाही, हे मी आईला मुद्दाम मोठ्याने सांगितलं. तिने दुर्लक्ष केलं.

मग भिंतीवरचं टाइमटेबल उतरवलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर, पुस्तक न बघता, हृदय काढलं. डावं-उजवं उलटं झालं. हृदयाच्या आकृतीतली उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते, कारण तो माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. हे काही केल्या डोक्यात बसेना, तेव्हा पेपर वाचत बसलेल्या बाबांना उठवून भिंतीला टेकवलं. शर्टाचा खिसा डावीकडे. म्हणजे खिशाच्या बाजूला लेफ्ट व्हेंट्रिकल, हृदयाचा डावा खालचा कप्पा, जाड भिंतीचा, कारण त्याला रक्त अंगभर ढकलायचं असतं. खिशाच्या बाजूला दोन पाकळ्यांची झडप, बिनखिशाच्या बाजूला तीन पाकळ्यांची. बाबा म्हणाले, "खाली बसू का?" मी म्हटलं, "किडनी व्हायचीय अजून." बसले ते.

रात्रीपर्यंत पंधरापैकी नऊ धडे असे कुणाला ना कुणाला सांगून झाले. उरलेले सहा ऑप्शनच्या भरवशावर. चार मार्कांचे पाच प्रश्न येतात, त्यातले तीनच लिहायचे असतात. बोर्डाचा हा दयाळूपणा मी पुरेपूर वापरायचं ठरवलं.

पेपरात हृदय आलं. आकृती काढताना दर लेबलला माझा हात छातीवर, खिशाकडे जात होता. चौथ्यांदा गेला तेव्हा सुपरवायझर मॅडम येऊन उभ्या राहिल्या.

"खिशात काय आहे?"

"काही नाही, मॅडम. खिसा कुठे आहे ते बघतोय."

हे उत्तर त्यांना पटलं नाही. खिसा रिकामा करायला लावला. बाकावर दोन वाटाणे घरंगळले, एक हिरवा, एक पांढरा. सकाळी निघताना मीच शकुन म्हणून टाकले होते. मॅडमनी ते उचलून, चष्मा वर करून, सगळ्या बाजूंनी नीट पाहिले, कुठे काही लिहिलंय का. मग रुमालावर ठेवून आपल्या टेबलावर नेले आणि शेवटची घंटा होईपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवली.

मेंडेलवर एकही प्रश्न नव्हता.