दादा, टाळी तेवढी नको

नमस्कार दादा,

माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की, कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर ५५-२५० मिमीची लेन्स घेऊन उडत्या घारी-बगळ्यांचे फोटो काढा असं नवख्यांना सांगणं म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणं, ६०० मिमीच्या लेन्सशिवाय यात काही होत नाही, मी दिलेला १/१००० सेकंदाचा शटर स्पीड चुकीचा आहे, आणि पक्षी कधी उडतोय बघत दोन तास बसण्यापेक्षा एक टाळी वाजवली की काम होतं.

शटर स्पीडचं आधी सांगतो. तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. तो आकडा मी घारीवरून दिला होता. घार वाऱ्यावर पंख न हलवता तरंगते, वळायचं असलं तर नुसती शेपटी पिळते, तिला १/१००० ला पण शार्प पकडता येतं. पण तेच सेटिंग घेऊन कुणी बगळ्यावर गेला तर डोळा शार्प आणि पंखांची टोकं पुसलेली असं होणार, कारण पंखाचं टोक अंगापेक्षा कितीतरी जोरात हलत असतं. तर नवख्यांनी सरळ १/२००० ठेवावा, ॲपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं भोक) लेन्स देईल तेवढं उघडं, ऑटो आयएसओ चालू (म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), आणि आयएसओ १६००-३२०० ला गेला तरी घाबरू नये, नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो नंतर नीट करता येत नाही.

लेन्सबद्दल मात्र मला पटलं नाही. ६०० नं पक्षी मोठा येतो हे खरंच, पण आधी तो फ्रेममध्ये सापडला पाहिजे ना. हात लांब करून अंगठा आकाशासमोर धरा, क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ६०० ला साधारण त्या अंगठ्याच्या रुंदीएवढंच आकाश दिसतं, दोन अंश. २५० ला पाच अंश, म्हणजे तीन बोटं एकत्र धरली तर जेवढं झाकेल तेवढं. ज्यानं आयुष्यात कधी उडता पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये पकडलेला नाही त्याच्या हातात ६०० दिली की तो नुसतं निळं आकाश शोधत बसतो, आणि १५०-६०० ची लेन्स जवळपास दोन किलोची असते, पंधरा मिनिटांत खांदा भरून येतो. २५० वर पक्षी लहान आला तर क्रॉप करा, २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली तरी ६ मेगापिक्सेल उरतात, शिकायला तेवढे भरपूर झाले. लांबच्या लेन्सला माझा विरोध नाही, फक्त ती पहिल्या वर्षात नको.

आता टाळी.

हे मी जरा मनापासून लिहितोय, राग मानू नका. मीसुद्धा पहिल्या महिन्यात कळंबा तलावावर टाळी वाजवलीय. चाळीसेक फ्रेम मिळाल्या आणि सगळ्यांत शेपट्या आणि पंखांची मागची बाजू. कारण साधं आहे, दचकलेला पक्षी दचकवणाऱ्यापासून लांब पळतो, म्हणजे कॅमेऱ्याकडं पाठ करूनच उडतो. आपल्या मनानं उडणारा पक्षी मात्र शक्यतो वाऱ्याकडं तोंड करून उडतो, त्याला समोरून वारा मिळाला की लवकर उचलता येतं. हे एकदा कळलं की कुठं उभं राहायचं ते ठरवता येतं. हिवाळ्यात सकाळी वारा पूर्वेकडून असला की रंकाळ्याच्या शहराकडच्या काठावर उभं राहायचं, सूर्य पाठीमागे, उजेड पक्ष्यावर, आणि पाण्यातून उठणारा बगळा तुमच्याच दिशेनं येतो. टाळीनं ही फ्रेम कधीच मिळत नाही.

आणि बसून राहण्यात वेळ वाया जात नाही हो, पक्षी उडायच्या आधी सांगतो. मान आखडून घेतो, अंग खाली दबवतो, बऱ्याचदा शिटतो, की समजायचं आता निघाला, बोट शटरवर ठेवायचं. पाणकावळ्याला तर लगेच उचलताच येत नाही, तो पाण्यावर पाय आपटत पळतो तेवढ्यात फोकस लागतो. ढोकरी (बगळ्याच्याच जातीतली) बसलेली असते तेव्हा मातकट, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि उडाली की एकदम पांढरीशुभ्र, तिथं आधीच एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं खाली नाही घेतलं तर पंख जळतात, सगळं पांढरं फटक. घारीला उलटं, पांढऱ्या ढगासमोर ती काळी पडते म्हणून एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट उजेड. हे सगळं मला बसून बसूनच कळलं.

ज्यांना खरंच बसवत नाही त्यांच्यासाठी माझ्याकडं दुसरा उपाय आहे. ऊसतोड झाली की रानात नांगरट चालू होते, ट्रॅक्टरच्या मागं गायबगळे किडे वेचत उडत-बसत असतात, त्यांना ट्रॅक्टरची सवय असते, मालकाला विचारून बांधावर एका जागी थांबायचं, तासाभरात शंभर वेळा उडताना मिळतात आणि कुणाला हुसकवावं लागत नाही.

टाळीचं खरं भ्या मला उन्हाळ्यात वाटतं. टिटवी उघड्या माळावर जमिनीवरच अंडी घालते, खडे गोळा केलेले असतात, पाच फुटांवरून पण अंडी दिसत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवते. तिला आपण उडवली आणि ती आपल्या डोक्यावर ओरडत फिरत राहिली, तर आपण तिथं उभे आहोत तोवर ती अंडी उन्हात. आपल्याला वाटतं मस्त फ्लाइट शॉट मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलंय, पण कायदा बाजूला ठेवला तरी मला ते बघवत नाही. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली की मी कॅमेरा खाली घेतो आणि आलो त्याच वाटेनं मागं फिरतो, प्रत्येक पाऊल बघून.

पोस्टमधला १/१००० आत्ताच बदललाय आणि तो तुमच्या कमेंटवरून बदलला असं खाली लिहिलंय. टाळी वाजवू नका हा भाग आहे तसाच ठेवतोय. आणि तुमच्याकडं ६०० आहे तर एक विचारतो, पाण्यावरून सूर मारणाऱ्या भिंगरी पक्ष्यांना तुम्ही काय सेटिंग ठेवता? मी १/३२०० पर्यंत जाऊन बघितलं, फोकस लागेपर्यंत ती वळलेली असते, दोन हिवाळे झाले एक धड फ्रेम नाही. जमलं असेल तर सविस्तर लिहा, मी पोस्टमध्ये टाकतो.