डावा कल्ला आणि रोमिओ

रविवारी सलूनमध्ये माझी जी शोभा झाली ती अजून डोक्यातून जात नाहीये, आरशात बघितलं की पुन्हा आठवते, कारण डावा कल्ला उजव्यापेक्षा अर्धं बोट वर आहे.

भाचीचा फोन आला. शाळेच्या गॅदरिंगला ती ज्युलिएट आहे. "मामा, व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ म्हणजे नक्की काय रे?" मी मोठ्या आवाजात म्हटलं, "सोप्पंय गं, व्हेअर म्हणजे कुठे. ती बाल्कनीतून त्याला शोधतेय, कुठे कडमडलास म्हणून."

शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. "चूक."

बघतो तर एक काका. गळ्यापर्यंत चादर, सगळा चेहरा फेसात, त्यातून फक्त दोन डोळे. हनुवटीखाली वस्तरा लावलेला. दुकानातला पोरगा म्हणतोय "काका, हलू नका", आणि काकांनी एका बोटाने वस्तरा बाजूला सारला, वर्गात खडू सारतात तसा. रिटायर्ड इंग्रजीचे मास्तर, दुसरं कोण असणार.

"व्हेअरफोर म्हणजे कुठे नव्हे. का! कशासाठी! तो खाली बागेतच उभाय, तिला पत्ताच नाही. ती म्हणतेय, मेल्या, तू रोमिओच का झालास? त्या वैरी माँटेग्यूंच्या घरातच का जन्मलास? पुढची ओळ काय आहे? बापाला नाकार, नाव टाकून दे. आडनावाचं भांडण आहे ते, पत्त्याचं नाही. आणि बाल्कनी हा शब्द अख्ख्या नाटकात नाही, खिडकी आहे."

खरं सांगू, पटलं. आडनावावरून मोडलेली लग्नं आपण काय कमी बघितलीत, माझ्या आजीलासुद्धा हे एका फटक्यात कळलं असतं. पण पटलं म्हणूनच जास्त झोंबलं. विषय मिटवायला म्हटलं, "नाइस. थँक्यू."

तिथेच घात झाला.

"नाइस? मूळ लॅटिन नेस्किअस, म्हणजे अडाणी. चौसर या जुन्या इंग्रजी कवीच्या काळात कुणाला नाइस म्हटलं असतंत तर तो अंगावर आला असता. बरं, सिली म्हणजे?"

मला विचारलं! अर्धं डोकं कापलेलं, मानेला फडकं, आणि मी पाचवीतल्या पोरासारखा म्हणतोय, "मूर्ख."

"आत्ता! आधी पुण्यवान. मग भोळा, मग बिचारा, मग मूर्ख." प्रत्येक अर्थाला फेसाचा एक थेंब माझ्या अंगावर. बाकड्यावरच्या चौघांनी पेपर खाली ठेवला. माझा न्हावी कात्री हवेत धरून ऐकत होता, आणि मध्येच भान आल्यासारखं त्याने जो एक कट मारला तो हा कल्ला.

"साहेब, लगेच करतो सरळ," तो म्हणाला. याच माणसाने आल्या आल्या "लगेच बसवतो" म्हणून मला 40 मिनिटं बाकड्यावर ठेवलं होतं. काकांना तेवढं पुरलं. "इंग्रजीतले सून आणि प्रेझेंटली, दोन्हींचा जुना अर्थ लगेच, ताबडतोब. माणसं लगेच म्हणत उशीर करत राहिली आणि शब्द बिचारे 'थोड्या वेळाने'वर घसरले." आपला 'लगेच' पण त्याच घसरगुंडीवर बसलाय, हे मला सुचलं, पण घरी जिना चढताना. 'राग'सुद्धा तिथेच आठवला. संस्कृतात राग म्हणजे प्रेम, म्हणून तर अनुराग, आणि मराठीत तो आल्यावर दारं आपटतात. हे तेव्हा तोंडावर मारता आलं असतं तर!

मी मराठी मीडियमचा. पाचवीपासून इंग्रजी, व्हेअर म्हणजे कुठे, व्हाय म्हणजे का, घोकून घोकून आलेलं. इंग्रजीत एक शब्द चुकला की अख्खं दुकान वळून बघतं. मराठीत मात्र वाट्टेल ते चालतं. कारण हेच काका तोंड पुसून, पैसे देऊन, दारातून पोराला म्हणाले, "पुढच्या रविवारी मी येईल रे." येईल! 'येईन' नाही. मी खुर्चीत बसून ऐकलं आणि काही बोललो नाही. कुणीच बोललं नाही. पेपर पण कुणी खाली ठेवला नाही.

मी 120 रुपये दिले, पूर्ण. घरी येऊन भाचीला फोन केला, सगळं नीट समजावलं, का, आडनाव, माँटेग्यू, खिडकी.

"पण मामा, टीचर म्हणाल्या कपाळावर आडवा हात धरून लांब बघायचं. तो कुठेय ते शोधतेय ना ती."

मी आरशात डाव्या कल्ल्याकडे बघितलं.

"टीचर म्हणतात तसं कर," म्हटलं.