वीस अंश कुणाचे?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘एसी २० वर लावून ठेवला, तरी बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला. तुमचे आकडे पुस्तकी आहेत,’ असं तुम्ही म्हणता. यातली अर्धी चूक माझी. घरी बिअर बनवण्यावरच्या लेखात, ती आंबताना किती तापमान ठेवायचं ते सांगताना मी नुसतं ‘२० अंश’ लिहिलं, कुठे मोजायचे ते लिहिलंच नाही.

तो आकडा वर्टचा, म्हणजे ज्या गोड माल्टच्या पाण्याची बिअर होते त्याचा, हवेचा नव्हे. यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं. फर्मेंटेशन (आंबण्याची क्रिया) जोरात असताना २० लिटर वर्ट खोलीपेक्षा ३ ते ५ अंशांनी सहज तापतं. म्हणजे तुमचा एसी २० दाखवत होता तेव्हा आत २३ ते २५ असणार. थर्मामीटरचा प्रोब (मोजणारं टोक) फर्मेंटरच्या, म्हणजे वर्ट आंबतं त्या भांड्याच्या अंगाला चिकटवा आणि वरून थर्माकोलचा तुकडा बांधा, नाहीतर तो पुन्हा हवाच मोजेल.

उरलेली अर्धी चूक मात्र तुमची. ‘वर्ट कोमट झाल्यावर यीस्ट टाकलं’ हे तुम्हीच लिहिलंय, आणि माझा खरा संशय तिथेच आहे. एवढं वर्ट नुसत्या हवेवर निवायला कित्येक तास लागतात. यीस्टची वाढ तोवर त्या उबेतच सुरू होते, आणि एस्टर (नेलपॉलिश रिमूव्हरचा वास यांचाच), फ्यूजेल अल्कोहोल (उग्र, झोंबणारं अल्कोहोल) मुख्यतः त्याच काळात तयार होतात. मागाहून थंड करून ते परत जात नाहीत. एल (जरा उबेत आंबणारी बिअर) असेल तर १८ ला यीस्ट टाका, २० च्या वर चढू देऊ नका. तीन-चार दिवसांनी जोर ओसरला की २१-२२ चालतं. उलट डायअसिटिल (बिअरला लोण्यासारखी चव देणारा पदार्थ) साफ व्हायला ते बरंच.

फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून त्यात बर्फाच्या बाटल्या सोडायच्या, या उपायाला तुम्ही ‘टबात बर्फाच्या बाटल्या म्हणजे पोरखेळ’ म्हणता, ते मात्र मान्य नाही. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो. २० लिटर वर्ट आणि टबातलं २० लिटर पाणी मिळून एक अंश उतरवायला साधारण १६७ लागतात. म्हणजे किलोभर बर्फाच्या एका बाटलीत दोन अंश! फर्मेंटरभोवती ओलं फडकं गुंडाळण्याचा उपाय मी स्वतः सोडला. हवा दमट असेल तर फडकं नुसतं ओलंच राहतं. लागरसाठी (थंडीत आंबणारी बिअर) १० अंश सांभाळायचे असतील तर फ्रिज आणि त्याचं तापमान राखणारा कंट्रोलरच हवा, इथे तुमचं बरोबर.

राहिला तुमचा ३५ अंशांवर बिअर करणारा मित्र. तो बहुतेक क्वाइक वापरत असेल. नॉर्वेच्या शेतघरांतलं ते यीस्ट उष्णतेतच खुलतं. तुमच्या यीस्टला तो न्याय लावू नका. तुमचं पाकीट कोणतं होतं? त्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते, तेवढी कळवा.