नकाशानं दिलेला पंथ

ऐरोलीच्या माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. मुलगा ठाण्याचा, ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातला. आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट मंडळीचे. पत्रिका छापायला टाकायच्या आधीच बाप्तिस्म्यावरून, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या पाण्याच्या विधीवरून, घरात वाजलं. कोपरखैरण्याच्या फेलोशिपमध्ये, म्हणजे एका स्वतंत्र प्रार्थना-मंडळीत, जाणारी आमची आतेबहीण म्हणाली, तान्हेपणी डोक्यावर चार थेंब शिंपडले तर तो बाप्तिस्मा कसला? मुलीनं आधी स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करावा आणि पाण्यात उतरावं. तिकडून मुलाच्या काकूंनी विचारलं, मुलीला कॅथलिक करून घेणार ना? आणि हे सगळं रोज रात्री फोनवर मला ऐकवलं जातं. मी जर्मनीत राहतो, प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणारा ल्यूथर जर्मनीचा, तेव्हा मला यातलं कळत असणारच, असा घरच्यांचा हिशेब.

मी राहतो ते ऑग्सबर्ग या भांडणाचं जुनं गाव आहे. 1555 मध्ये इथे झालेल्या तहाचा मथितार्थ असा, की ज्याचं राज्य त्याचा पंथ. राजा ल्यूथरन असेल तर प्रजा ल्यूथरन, राजा कॅथलिक असेल तर प्रजा कॅथलिक. ज्याला पटत नसेल त्यानं घरदार विकून चालतं व्हावं. त्यामुळे इथला एखादा आजोबा कॅथलिक का आणि शेजारच्या खेड्यातला प्रॉटेस्टंट का, याचं उत्तर पुष्कळदा बायबलात नसतं. तेव्हा त्या गावावर कोणाचा अंमल होता, त्यात असतं.

आपल्याकडे राजाच्या जागी मिशनं होती, एवढाच फरक. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये अहमदनगरला गेले. इतर मिशनांनी इतर मुलूख धरले आणि पुढे एकमेकांच्या हद्दीत शक्यतो जायचं नाही असा शिरस्ता पडला. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातले. गावाजवळची शाळा अमेरिकनांची, म्हणून आम्ही काँग्रिगेशनल झालो. तीच शाळा स्कॉटिश मिशनची असती तर प्रेस्बिटेरियन झालो असतो आणि तेवढ्याच अभिमानानं मिरवलं असतं. मुलाकडच्यांचंही तेच. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेईपर्यंत तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं, म्हणून ते कॅथलिक. तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट पोर्तुगीजांचं, तर 1825 मध्ये बिशप हेबरनी ज्याची प्रतिष्ठापना केली ते सेंट जेम्स इंग्रजांचं. एकाच ठाण्यात दोन साम्राज्यांची दोन चर्च उभी आहेत. काकूंनी आणि आतेबहिणीनं एकमेकींची परीक्षा घेण्याआधी हा नकाशा जरूर बघावा.

म्हणून सगळे पंथ सारखेच, असं मात्र मी म्हणणार नाही. ते म्हणणाऱ्याला बहुधा कुठल्याच पंथाचं काही पडलेलं नसतं. जर्मनीत अशी माणसं ढिगानं भेटतात. इथे रहिवासाची नोंद करताना फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. सीएनआयचा पर्याय कुठून असणार? मी 'प्रॉटेस्टंट' लिहिलं. त्यावरून बव्हेरियात, म्हणजे आमच्या राज्यात, प्राप्तिकराच्या 8 टक्के इतका चर्चकर पगारातून परस्पर कापला जातो. माझ्या ऑफिसातल्या काहींनी तो वाचवायला रीतसर सरकारी कचेरीत जाऊन चर्चच सोडलं. त्यांच्यात पंथावरून कधीच भांडण होत नाही. या शांततेचं मला फारसं कौतुक नाही. रविवारी रिकाम्या बाकांपुढे प्रवचन ऐकताना कोपरखैरण्याची ती गच्च भरलेली, घामेजलेली खोली आठवते.

मला पटतो तो इथला जुना व्यवहारीपणा. संत उलरिखच्या नावाची इथे दोन चर्च आहेत, मोठं कॅथलिक आणि त्याच्या पुढ्यात चिकटून उभं असलेलं लहान प्रॉटेस्टंट. 1648 च्या तहानंतर शहराची पदंसुद्धा दोन्ही पंथांत निम्मी निम्मी वाटली गेली. प्रेम उतू जात होतं म्हणून नव्हे. तीस वर्षं कापाकापी करून दोघंही थकले होते. 1650 पासून 8 ऑगस्टला शांतता उत्सव होतो आणि त्याची सुट्टी फक्त याच शहराला असते. त्या दिवशी टाउन हॉलसमोरच्या चौकात लांबच लांब टेबलं मांडतात. ज्यानं त्यानं घरून डबा आणायचा आणि शेजारी बसलेल्याला द्यायचा. मी करंज्या नेतो. तू कुठल्या चर्चचा, असं आजवर कोणी विचारलेलं नाही. आत काय भरलंय, हे मात्र सगळे विचारतात.

आतेबहिणीच्या प्रश्नाचं उत्तर तर जर्मनीत शोधायलाच नको. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली. त्यांत आमचे काँग्रिगेशनलवाले होते, तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि जाणत्या वयातच देणारे बाप्टिस्टही होते. दोन्ही रीती चालतील असं ठरवूनच ते एकत्र आले. अमेरिकन मेथडिस्टांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं, ते सोडा. एवढं मोठं काम आपल्या माणसांनी केलं आणि आमच्याच वेदीवरून ते कधी सांगितलं जात नाही, याचा मला राग आहे. त्याच्याही आधी, 1917 मध्ये, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

काकूंचा प्रश्नही निकालात निघालेला आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावानं पाण्यानं झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं, पुन्हा देत नाही. लग्नासाठी मुलीनं कॅथलिक व्हायची अट नाही. बिशपांची परवानगी मात्र लागते. पण मुलाला कबुली द्यावी लागते, की होणाऱ्या मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा आपल्या परीनं पूर्ण प्रयत्न करीन. खरा बोलण्याचा मुद्दा हा आहे आणि त्यावर घरात अजून कोणी तोंड उघडलेलं नाही. दोघांनी आत्ताच बसून बोलावं, बारशाच्या दिवशी नव्हे.

दुसरी गोष्ट प्रभुभोजनाची, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची. कॅथलिक आणि ल्यूथरनांनी 1999 मध्ये याच ऑग्सबर्गमध्ये तारणाच्या सिद्धान्तावर संयुक्त घोषणा केली, तरी त्यांची पंगत अजून एक झालेली नाही. लग्नात मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनासह होणारी कॅथलिक उपासना, ठेवली तर आमच्याकडच्यांना कम्युनियन, म्हणजे ते प्रभुभोजन, मिळणार नाही आणि वर्षभर त्याचाच उद्धार होईल. मिस्साशिवायही लग्नविधी करता येतो. तसं मी ताईला सांगितलं आणि तिनं फादरांची वेळ घेतली आहे. आतेबहीणही लग्नाला येणार आहे. बुडीचा विषय निदान जेवणं होईपर्यंत काढायचा नाही, एवढं तिनं कबूल केलंय.